आजोबा, आपण कोणाकडून होतो? उज्जैन, इंदूर आणि हडपसरच्या तीन लढाया



गेल्या दिवाळीत आम्ही दोघं इंदूरहून पुण्याला मुलाकडे गेलो होतो. मुलगा हडपसरला राहतो. इंदूरच्या अर्ध्या मराठी घरांतली मुलं आता त्याच बाजूला आहेत, तसाच तोही. नातू सहावीत. त्याला शाळेत कोणीतरी सांगितलं होतं की इथे हडपसरला शिंदे आणि होळकर एकमेकांशी लढले होते, आणि तेही दिवाळीतच. चकली खाता खाता त्याने विचारलं, "आजोबा, आपण कोणाकडून होतो?"

सून हसली. मुलाने मोबाइलमधून डोकं वर काढलं नाही. मी मात्र अडकलो. आमचं घराणं होळकरांच्या चाकरीतलं, फडावर हिशेब लिहिणारं. आई ग्वाल्हेरची, लष्करातली. तिचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर तिकडे गेलेले. लहानपणी घरात यावरून रोज थट्टा चालायची. आमटी तिखट झाली की वडील म्हणायचे, "आज शिंदेशाही स्वारी आली वाटतं." आई म्हणायची, "होळकरांकडे तेवढी मिरची तरी परवडायची का?" आणि दोघं हसायची. ती थट्टा ऐकून मोठा झालो, पण तिच्यामागे काय होतं ते मला पन्नाशीपर्यंत ठाऊक नव्हतं.

परत आल्यावर आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर हाच विषय निघाला आणि थट्टेचं भांडण झालं. ग्वाल्हेरच्या भाच्याने लिहिलं, होळकरांनी पुणं लुटलं. इंदूरच्या पुतण्याने लिहिलं, आधी तुम्ही आमचं इंदूर जाळलंत. मग दोन दिवस कोणी कोणाला "शुभ सकाळ" पाठवली नाही. तेव्हा ठरवलं की हे एकदा नीट लिहून काढावं.

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. बी.कॉम. झालो आणि छत्तीस वर्षं बँकेत काढली. खातं समजायचं असेल तर नुसती शेवटची शिल्लक बघून चालत नाही, पहिल्या नोंदीपासून यावं लागतं, एवढंच मला येतं. त्याच पद्धतीने सांगतो.

पहिल्या नोंदी

महादजी शिंदे १७९४ च्या फेब्रुवारीत पुण्याजवळ वानवडीला वारले. अहिल्याबाई १७९५ च्या ऑगस्टमध्ये गेल्या. त्याच वर्षी सवाई माधवराव पेशवे गेले. तुकोजी होळकर ऑगस्ट १७९७ मध्ये पुण्यात वारले. मार्च १८०० मध्ये नाना फडणवीसही गेले. सहा वर्षांत घरातली सगळी वडीलधारी माणसं उठून गेली असं समजा. मागे राहिले ते बहुतेक तरुण, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर कर्ज.

दौलतराव शिंदे गादीवर आले तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचे होते. महादजींनी उभ्या केलेल्या कवायती पलटणी त्यांना मिळाल्या, पण त्या पलटणींचा पगारही दर महिन्याला देणं आलं. दुसऱ्या बाजीरावांनी पेशवाई मिळवताना शिंद्यांना मोठ्या रकमेचं वचन दिलं होतं आणि ते फेडायला त्यांच्याकडे पैसा नव्हता. मग १७९८ मध्ये दौलतरावांचे सासरे आणि कारभारी सर्जेराव घाटगे यांनी पुण्यातल्या सावकारांकडून आणि प्रतिष्ठित लोकांकडून मारहाण करून पैसा काढला. पुणं लुटायची सुरुवात होळकरांनी केली असं मानणाऱ्यांनी ही नोंद आधी बघावी.

पैशाचा ताण शिंद्यांच्या घरातही शिरला होता. महादजींच्या विधवा बायका दौलतरावांविरुद्ध उठल्या, आणि लखबादादा लाडांसारखा जुना सरदार त्यांच्या बाजूने लढला. म्हणजे होळकरांशी गाठ पडण्याआधीच शिंद्यांची फौज स्वतःशी लढत होती.

आता होळकरांचं खातं. तुकोजींना चार मुलगे. काशीराव आणि मल्हारराव हे लग्नाच्या बायकोचे, यशवंतराव आणि विठोजी हे दासीपुत्र. काशीराव थोरले, पण प्रकृतीने अधू. कर्तबगार होते ते मल्हारराव. वारसाच्या भांडणात काशीरावांनी दौलतरावांची मदत मागितली. सप्टेंबर १७९७ मध्ये शिंद्यांच्या फौजेने पुण्यात मल्हाररावांच्या तळावर छापा घातला आणि त्यात मल्हारराव मारले गेले. त्यांची बायको तेव्हा गरोदर होती. पुढे जन्मलेला मुलगा खंडेराव, तोही शिंद्यांच्या ताब्यात गेला.

यशवंतराव निसटून नागपूरला गेले, तिथे भोसल्यांनी त्यांना कैदेत टाकलं. तिथूनही ते पळाले. हातात जहागीर नाही, खजिना नाही. भिल्ल, पठाण, पेंढारी, जे मिळतील ते लोक गोळा करून त्यांनी माळव्यात फौज उभी केली. अमीरखान पठाण याच काळात त्यांना येऊन मिळाला. सगळं काम त्यांनी पुतण्या खंडेरावाच्या नावाने चालवलं, कारण स्वतःच्या नावाला घराण्यात मान नव्हता.

धाकटा विठोजी दक्षिणेत धामधूम करत होता. बापू गोखल्यांनी त्याला पकडलं. एप्रिल १८०१ मध्ये पुण्यात शनिवारवाड्यासमोर त्याला हत्तीच्या पायाला बांधून मारलं, आणि खुद्द पेशवे ते पाहत होते. विठोजी बंडखोर होता हे खरं. पण थोरल्या बाजीरावांच्या वेळेपासून ज्या घराने पेशव्यांसाठी रक्त सांडलं, त्या घरातल्या मुलाचा असा शेवट झाला. ही बातमी माळव्यात पोचली तेव्हा यशवंतरावांना काय वाटलं असेल, ते सांगायला इतिहासकार लागत नाही.

पहिली लढाई: उज्जैन, जुलै १८०१

दौलतराव पुण्याहून निघून हळूहळू उत्तरेकडे सरकत होते. उज्जैन ही तेव्हा त्यांची राजधानी. ती वाचवायला त्यांनी पलटणी पुढे पाठवल्या, पण तुकड्या तुकड्यांनी. उज्जैनला जॉर्ज हेसिंग हा युरोपियन अधिकारी. मध्ये न्यूरीजवळ मॅकिंटायर. नर्मदेच्या बाजूला ब्राउनरिग. तिघांच्यामध्ये बरंच अंतर, आणि वर पावसाळा.

यशवंतरावांना हीच संधी दिसली. ते मध्ये घुसले, आधी मॅकिंटायरची तुकडी पकडली आणि मग सगळ्या ताकदीनिशी उज्जैनवर गेले. हेसिंगच्या पलटणी मोडल्या, बहुतेक युरोपियन अधिकारी मारले गेले किंवा जखमी झाले, तोफा गेल्या. हेसिंग स्वतः निसटला. यशवंतरावांनी शहराकडून मोठी खंडणी वसूल केली. नंतर ते ब्राउनरिगवर गेले, पण तो मोर्चे बांधून बसला होता, आणि तिथे मात्र त्यांना माघार घ्यावी लागली.

मी नोकरीत असताना तीन वर्षं उज्जैनच्या शाखेत होतो. तिथले एक म्हातारे मराठी खातेदार पेन्शन घ्यायला यायचे. "साहेब, तुम्ही इंदूरचे ना? आमची खंडणी अजून परत केली नाहीत," असं म्हणून खळखळून हसायचे. पावणेदोनशे वर्षांनंतरही ती थकबाकी त्यांच्या खात्यावर उभी होती.

दुसरी लढाई: इंदूर, १४ ऑक्टोबर १८०१

उज्जैनचं उट्टं काढायला दौलतरावांनी सदरलँड या अधिकाऱ्याच्या पलटणी आणि सर्जेराव घाटगे यांना इंदूरवर पाठवलं. या वेळी फौज एकवटलेली होती. सदरलँडच्या कवायती पायदळासमोर यशवंतरावांची फळी फुटली. ९८ तोफा आणि सगळं सामानसुमान शिंद्यांच्या हाती पडलं.

त्यानंतर सर्जेरावांनी इंदूर लुटलं आणि जाळलं. आपला राजवाडाही त्या आगीतून सुटला नाही. १९८४ साली राजवाड्याला आग लागली तेव्हा आम्ही गच्चीवरून धूर पाहत होतो. वडील म्हणाले होते, "हा पहिल्यांदा जळत नाहीये." त्यांना काय म्हणायचं होतं ते मला बऱ्याच उशिरा कळलं.

आता इथे एक प्रश्न येतो. यशवंतराव एवढे हरले होते, तर सगळं तिथेच का संपलं नाही? दौलतरावांनी पाठलाग नेटाने केला नाही. बोलणी, फौजेचे थकलेले पगार, दरबारातल्या कुरबुरी यांत महिने गेले. तेवढ्यात यशवंतराव मेवाडात नाथद्वाऱ्यापर्यंत जाऊन आले, खंडण्या घेतल्या, नव्या पलटणी उभ्या केल्या आणि १८०२ मध्ये खानदेशात उतरले. इंदूर गेलं तरी त्यांची फौज संपली नव्हती, कारण तिचा जीव घोडदळात होता आणि घोडदळ जिथे जाईल तिथे पोट भरत होतं. ते पोट कोणाच्या शेतातून भरत होतं, हे मात्र शिंदे काय आणि होळकर काय, कोणाच्याच बखरीत ठळक अक्षरांत येत नाही.

तिसरी लढाई: हडपसर, २५ ऑक्टोबर १८०२

यशवंतराव पुण्याकडे निघाले. पेशव्यांकडे त्यांचे निरोप जातच होते. मागण्या साध्या होत्या: खंडेरावाला सोडा, होळकरांचा मुलूख परत द्या, शिंद्यांच्या आणि आमच्यात तुम्ही मालक म्हणून निवाडा करा. पेशवे म्हणत होते, आधी मागे फिरा. यशवंतराव मागे फिरले नाहीत. खंडेरावाला तर तोवर असीरगडावर कैदेत ठेवलं होतं.

८ ऑक्टोबरला बारामतीजवळ फत्तेसिंग माने यांनी पेशव्यांची फौज उधळली. शिंद्यांकडून सदाशिव भास्कर फौज घेऊन पुण्याच्या मदतीला आले. त्यांच्याबरोबर कॅप्टन डॉज याच्या कवायती पलटणी होत्या. ही फौज पुण्याच्या पूर्वेला घोरपडी-वानवडीच्या बाजूला उतरली. होळकरांचा तळ लोणीकडे होता. मधलं मैदान म्हणजे आजचं हडपसर.

दिवाळीचे दिवस होते. सकाळी साडेनऊच्या सुमाराला तोफा सुरू झाल्या आणि बराच वेळ दोन्हीकडून नुसता तोफांचाच मारा चालला. मग घोडदळं भिडली आणि होळकरांचं घोडदळ हटू लागलं. त्या घटकेला शिंद्यांची जीत होणार असंच दिसत होतं. तेव्हा यशवंतराव स्वतः घोड्यावर चढले, पळणाऱ्यांना परत फिरवलं आणि उलट हल्ला केला. आधी शिंद्यांचे स्वार पांगले, मग डॉजच्या पलटणी एकट्या पडल्या. तोफा सोडल्या नाहीत म्हणून तोफांपाशीच कापल्या गेल्या. डॉज मारला गेला. होळकरांकडचा हार्डिंगही पडला. दोन्हीकडे हुकूम देणारे असे परके अधिकारी होते, आणि दोन्हीकडे बंदूक धरणारे, तोफेला बैल जुंपणारे आणि हिशेब लिहिणारे मात्र आपले.

त्या दिवशीची एक गोष्ट मला लढाईपेक्षा मोठी वाटते. बाजीराव जिंकण्याच्या खात्रीने वाड्यातून बाहेर पडले होते. तोफांचा आवाज ऐकून ते बिचकले, दक्षिणेला वळले आणि पुढे सिंहगडाकडे निघून गेले. पण त्याच दिवशी त्यांच्या कारभाऱ्याने इंग्रज रेसिडेंट कर्नल क्लोज याच्या हातात एक कागद ठेवला. इंग्रजांच्या सहा पलटणी पदरी ठेवू आणि त्यांच्या खर्चासाठी वर्षाला २५ लाखांचा मुलूख तोडून देऊ, असा तो मसुदा होता. मैदानात अजून धूर होता, आणि तिकडे तारण लिहून दिलं गेलं होतं.

सिंहगडावरून रायगड, महाड, मग कोकणच्या किनाऱ्यावरून इंग्रजी गलबतातून वसई. ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह झाला. सहा हजारांचं इंग्रजी पायदळ कायमचं ठेवायचं आणि त्यासाठी २६ लाखांचा मुलूख द्यायचा. सुरतेवरचा हक्क सोडायचा. गायकवाडांशी असलेलं येणं-देणं इंग्रजांच्या निवाड्याने मिटवायचं. म्हणजे यशवंतराव जो निवाडा पेशव्यांकडे मागत होते, तो आता कंपनी करणार होती.

बडोद्याच्या मंडळींनी इथे हसू नये. त्याच १८०२ साली गायकवाडांच्या घरातही आनंदराव आणि कडीचे मल्हारराव यांचं भांडण पेटलं होतं, आणि तेही इंग्रजी पलटणी बोलावूनच मिटलं. सहीचा कागद वेगळा, कलमं तीच.

पुण्यात पुढे काय झालं

भाच्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. लढाई जिंकल्यावर यशवंतरावांनी सुरुवातीला पुण्याला हात लावू दिला नाही, चौक्या बसवल्या, बाजीरावांना परत यायचे निरोप पाठवले. ते आले नाहीत. मग अमृतरावांच्या हाती कारभार देऊन त्यांचा मुलगा विनायकराव याला पुढे केलं. पण फौजेचा पगार द्यायचा होता आणि खजिना रिकामा होता. काही आठवड्यांनी पुण्यात घरोघर जबरदस्तीने वसुली सुरू झाली, आणि ती सर्जेरावांच्या वसुलीपेक्षा सौम्य नव्हती. पुतण्याने हे मान्य करावं. भाच्याने १७९८ मान्य करावं.

मे १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने बाजीरावांना पुण्यात आणून गादीवर बसवलं. मग शिंदे आणि भोसले यांना जाग आली. यशवंतरावांना सोबत घ्यायची बोलणी झाली, पण मल्हाररावाचं मरण, इंदूरची आग आणि विठोजीचा हत्ती विसरून ते येणार कसे? ते बाजूला राहिले. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला शिंद्यांच्या पलटणी एकट्या लढल्या, फार चिवट लढल्या, आणि हरल्या. तिथे सुमारे शंभर तोफा इंग्रजांच्या हाती गेल्या. इंदूरला होळकरांच्या ९८ गेल्या होत्या, तेवढ्याच म्हणा ना.

पुढच्या वर्षी यशवंतराव एकटे इंग्रजांशी लढले. मॉन्सनची फौज त्यांनी मुकुंदऱ्यापासून आग्र्यापर्यंत पळवली. तेव्हा शिंदे तहाने बांधलेले होते. डिसेंबर १८०५ मध्ये यशवंतरावांनाही तह करावा लागला. २८ ऑक्टोबर १८११ रोजी भानपुऱ्याला ते वारले. हडपसरच्या लढाईला तेव्हा नऊ वर्षं झाली होती.

तीन लढाया, पंधरा-सोळा महिने. उज्जैन होळकरांनी जिंकलं, इंदूर शिंद्यांनी, हडपसर पुन्हा होळकरांनी. दोन्ही फौजा कवायती, दोन्हीकडे उत्तम तोफखाना. असईला वेलस्लीसमोर या दोन फौजा एका रांगेत उभ्या असत्या तर काय झालं असतं ते मी सांगणार नाही, बँकेत आम्ही "जर" ला कर्ज देत नव्हतो. पण एवढं दिसतं की या तीन लढायांत दोघांनी जे एकमेकांचं काढून घेतलं, ते शेवटी दोघांच्याही हातात राहिलं नाही. आणि हे सगळं लढाईने सुरू झालं नव्हतं. सुरू झालं एका न सुटलेल्या वारसाच्या वादाने, न दिलेल्या पगाराने, आणि निवाडा करायला जो बसला होता त्याने स्वतःच एक पक्ष धरल्याने. आपल्यापैकी किती घरांत वाड्याच्या वाटणीवरून हेच झालं आहे, ते मी नावं घेऊन सांगू शकतो, पण सांगत नाही.

नातवाला काय सांगितलं

दिवाळीत भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी मी नातवाला घेऊन वानवडीला शिंदे छत्रीला गेलो. हडपसरहून रिक्षाने फार वेळ लागला नाही. महादजींचं ते स्मारक. १८०२ ची लढाई त्याच्या जवळच झाली. महादजींची माणसं आणि अहिल्याबाईंची माणसं त्यांच्या मागे आठ वर्षांत एकमेकांना तिथे मारत होती.

नातवाने परत विचारलं, "पण आपण कोणाकडून?" मी म्हटलं, "बाळा, तुझ्या पणजोबांचे लोक होळकरांकडून आणि पणजीचे शिंद्यांकडून. त्या दिवशी दोन्हीकडची माणसं इथेच असतील, आणि दोघांचाही पगार थकलेला असेल." त्याने थोडा विचार केला आणि विचारलं, "मग त्यांनी नंतर लग्न कसं केलं?"

मी म्हटलं, "शंभर-सव्वाशे वर्षं गेली मध्ये." दुसरं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

हे मी आमच्या ग्रुपवर टाकलं तेव्हा भाच्याने हात जोडलेलं चित्र पाठवलं आणि पुतण्याने लिहिलं, "काका, खंडणीचं व्याज तरी माफ करा." सध्या तरी शांतता आहे.

तुमच्या घरी या काळाची काही आठवण असेल, आजीने सांगितलेली गोष्ट, एखादा मोडी कागद, इनामाची सनद, कुठल्या लढाईत कोण पडलं याची नोंद, तर खाली जरूर लिहा. शिंदेशाहीतली असो की होळकरशाहीतली. मोडी वाचता येत नसेल तर कागदाचा फोटो ठेवा. आपल्यात अजून दोन-चार म्हातारे आहेत ज्यांना मोडी येते. ते आहेत तोवर हे काम होऊ द्या.

दोन्हीकडचा,
एक इंदूरकर